ड्राइव्ह सारखा उजवीकडंच जायलाय, उपाय सांगा की

चप्पलवाला_टिळकवाडी

नमस्कार मंडळी. बेळगावात टिळकवाडीत माझं चप्पल-बुटांचं दुकान आहे, वय सेहेचाळीस, उजव्या हातानं खेळतो. गोल्फला लई उशिरा लागलो. त्याआधी जन्म गेला तो व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर टेनिस बॉल क्रिकेट खेळण्यात, आणि माझा कव्हर ड्राइव्ह बघण्यासारखा होता हे आजही सांगणारी माणसं आहेत (त्यातले दोघं माझेच मेहुणे, ते सोडा). त्यामुळं कॅम्पातल्या गोल्फ मैदानावर पहिल्यांदा क्लब हातात घेतला तेव्हा वाटलं, बॉल जागेवर थांबलेला, फिल्डर कोण नाही, ह्यात अवघड ते काय.

आता होतंय असं. पिचिंग वेज (जवळच्या, उंच फटक्याचा क्लब) छान लागतो. सात नंबरचं आयर्न बऱ्यापैकी सरळ जातं, कधीमधी डावीकडं ओढतं. पण ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) काढला की बॉल निघतो मधनं, नाहीतर मधल्या जरा डावीकडनं. दीडशे यार्डापर्यंत वाटतं, वा! आणि मग जो उजवीकडं वळायला लागतो तो वळतच जातो. कॅडी पोरगं (बॅग उचलणारं) सुरुवातीला "साहेब, बलक्के होत्री" (कन्नडात, उजवीकडं गेला) म्हणून ओरडायचं. आता ओरडत पण नाही. मी बॅकस्विंग घेतला की ते आपलं उजव्या झाडीकडं चालायला लागतंय.

सल्ले देणारे रग्गड आहेत. एकजण म्हणतो डोकं खाली ठेवा. दुसरा म्हणतो हळू मारा. तिसऱ्यानं सांगितलं, उजवीकडं जातोय ना, मग डावीकडं निशाणा धरा. हे मला पटलं, दुकानदारी हिशोब वाटला. म्हणून डावीकडं धरायला लागलो, मग आणखी डावीकडं. आता उभा राहतो ते जवळजवळ शेजारच्या फेअरवेकडं (बॉल पडायला हवा तो कापलेल्या गवताचा पट्टा) तोंड करून, आणि बॉल पूर्वीपेक्षा जास्त वळायलाय. जेवढं मी डावीकडं, तेवढा तो उजवीकडं. हे कसं काय ओ?

ड्रायव्हर सेकंडहँड आहे, साडेदहा डिग्रीचा, शाफ्टवर (दांड्यावर) 'एस' लिहिलंय. एका मित्राचं म्हणणं की नवीन घ्या, चाळीस हजारात प्रश्न मिटेल. घरी विषय काढला तर मंडळी म्हणाल्या, आधी जुने बॉल सापडू देत. गणपती झाले की आमच्या ग्रुपची मॅच आहे, तोवर काही होईल का?


डावखुरा_वडगाव

माझा डावीकडं जातो. मी डावखुरा. म्हणजे आजार तोच, फक्त झाडी दुसऱ्या बाजूची.

उपाय मला पण हवाय, म्हणून धागा पकडून ठेवतो. एकच विनंती, उत्तर देणाऱ्यांनी डावा हात, उजवा हात लिहू नका. पुढचा हात, मागचा हात असं लिहा. इतकी वर्षं सगळं उलटं करून वाचायलोय, चक्कर येते.


टर्नर_उद्यमबाग

डावखुऱ्या साहेबांची विनंती मान्य. पुढचा म्हणजे लक्ष्याकडचा, मागचा म्हणजे दुसरा. बॉलच्या दिशा मात्र उजव्या हाताच्या खेळाडूच्याच लिहितो, तेवढं उलटून घ्या.

चप्पलवाले मालक, तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट कामाची आहे. बॉल निघतो कुठनं हे तुम्ही सांगितलंत. बाकीचे नुसतं पडला कुठं एवढंच सांगतात आणि त्यावरनं काही कळत नाही. निघतानाच उजवीकडं निघून सरळ रेषेत गेला तर तो पुश. उजवीकडं निघून आणखी उजवीकडं वळला तर फेस (क्लबची बॉलला लागणारी बाजू) चांगलाच उघडा. आणि मधनं किंवा डावीकडनं निघून मग उजवीकडं वळला, तर तो आपला अस्सल स्लाइस. तिन्ही बॉल एकाच झाडीत सापडतील, पण औषध वेगवेगळं.

मी लेथवर आयुष्य काढलं, डिग्रीत विचार करायची खोड आहे, तेव्हा जरा लांबण लागेल. फेस आणि बॉल एकमेकांना टेकलेले असतात ते साधारण सेकंदाचा दोन हजारावा भाग. तेवढ्यात दोनच गोष्टी महत्त्वाच्या. फेस कुठं बघायलाय आणि क्लबचं डोकं कुठल्या वाटेनं चाललंय. बॉल निघतो तो मुख्यतः फेसच्या दिशेनं. ड्रायव्हरला ऐंशी टक्क्यांच्या आसपास वाटा फेसचाच. आणि वळतो किती, ते फेस आणि वाट यांच्यात फरक किती त्यावर. वाटेपेक्षा फेस उजवीकडं उघडा असला की बॉल उजवीकडं वळणार. पूर्वी ह्याच्या उलटं शिकवायचे, म्हणजे बॉल निघतो वाटेनं आणि शेवटी जातो फेसच्या दिशेला. रडारवाली यंत्रं आली आणि ते मोडीत निघालं. व्हरांड्यात चहा पिताना मात्र अजून तेच चालतंय.

आता तुमचा बॉल. मधनं निघतो, म्हणजे टक्कर होताना तुमचा फेस जवळपास लक्ष्याकडंच बघतोय. तरी उजवीकडं वळतो, म्हणजे वाट डावीकडं चाललीय, बाहेरनं आत. तुम्ही निशाणा डावीकडं धरला तेव्हा पाय वळले, खांदे वळले, आणि क्लब खांद्यांच्या मागोमाग आणखी डावीकडं चालला. पण फेअरवे कुठं आहे हे डोळ्यांना माहीत असतंय. शेवटच्या क्षणी हात फेस तिकडंच धरून ठेवतात. वाट सरकली, फेस जाग्यावर राहिला, दोघांतला फरक वाढला. म्हणून वळण वाढलं. डावीकडं धरण्याचा हिशोब दुकानात बरोबर असेल, इथं तो व्याज लावतो.

आयर्न सरळ जातं म्हणून आयर्नचा स्विंग चांगला असं समजू नका. ते कधी डावीकडं ओढतं असं तुम्हीच लिहिलंय, तोच पुरावा. वाट तीच आहे. फरक एवढाच की वेजला लॉफ्ट (फेसचा मागं कललेला कोन) जास्त, त्यामुळं बॉल मागं फिरतो जास्त आणि आडवं वळण त्यात झाकून जातं. ड्रायव्हरला लॉफ्ट कमी, शाफ्ट लांब, तिथं सगळं उघडं पडतं. खात्री करायची असेल तर आता पावसानं तांबडी माती मऊ आहे तोवर सात नंबरनं मारून बघा आणि ढपला कुठल्या दिशेला निघाला ते बघा. लक्ष्याच्या डावीकडं बघत असेल तर माझ्यावर विश्वास ठेवायची गरजच नाही.

क्रिकेटचं पण सांगतो, कारण बेळगावात निम्मे लोक बॅट सोडून क्लब धरणारे आहेत. बॅटचं वजन हँडलच्या सरळ रेषेत असतं. गोल्फ क्लबचं डोकं शाफ्टच्या एका बाजूला असतं, दाराचं पान बिजागरीच्या एका बाजूला असतं तसं. वर नेताना ते उघडतं आणि खाली येताना पुढचा हात फिरवून ते बंद करून आणावं लागतं. कव्हर ड्राइव्हला तुम्ही काय करता? पुढचं कोपर वर, मनगट रोखलेलं, बॅटचा पूर्ण फेस शेवटपर्यंत बॉलला दाखवायचा. तिथं हे शंभर नंबरी. इथं हेच केलं की दार उघडंच राहतं. वर जोर काढायचा म्हणून मागचा खांदा आधी बाहेर फेकायची सवय असली, की क्लब बाहेरनं आत आलाच म्हणून समजा.

दुरुस्तीला क्रम आहे आणि लोक तो चुकवतात. आधी फेस, वाट नंतर. फेस उघडा आहे हे शरीराला कळत असतं, म्हणून ते आपोआप डावीकडं ओढतं. फेस तसाच ठेवून नुसती वाट सुधारलीत तर बॉल सरळ उजव्या झाडीत जाईल, तुम्ही घाबराल आणि परत जुन्या वाटेला लागाल.

फेस म्हणजे ग्रिप, क्लब धरायची पद्धत. हातमोजा काढा आणि बघा कुठं झिजलाय. तळहाताच्या गादीवर, करंगळीच्या बाजूला भोक पडायला आलं असेल तर तुम्ही क्लब तळव्यात धरताय. तो बोटांच्या मुळाशी बसला पाहिजे. मग पुढच्या हाताची मूठ थोडी मागं फिरवा, म्हणजे वरनं बघितलं की दोन, नाहीतर अडीच पेरं दिसतील. अंगठा आणि पहिल्या बोटामधली रेघ मागच्या खांद्याकडं बघायला पाहिजे. मागच्या हाताची रेघ पण तिकडंच. पहिले काही दिवस अगदी वेड्यासारखं वाटेल. दुकानात गिऱ्हाईक नसताना क्लब हातात धरून बसा, मारायची गरज नाही. आणि आवळू नका. मनगट आवळलं की दार बंद होत नाही.

मग उभं राहणं. बॉल पुढच्या टाचेच्या आतल्या बाजूला. तुम्ही तो आणखी पुढं ठेवत असणार, कारण त्यानं उंच जातो असं वाटतं. पण बॉल पुढं गेला की तिथपर्यंत पोचायला खांदे उघडावे लागतात, म्हणजे मारायच्या आधीच बाहेरनं आत. खांद्यांवर क्लब आडवा धरून बघा तो कुठं दाखवतो. पाय सरळ आणि खांदे डावीकडं, असे लोक मी रोज बघतो.

आणि वाट. इथं तुमचा धंदा कामाला येतो. बुटाचा रिकामा बॉक्स घ्या. बॉलच्या पलीकडच्या बाजूला, वीतभर मागं ठेवा, ड्रायव्हरचं डोकं बॉल आणि बॉक्सच्या मधनं जेमतेम जाईल इतक्या अंतरावर. बाहेरनं आलात तर बॉक्स फुटेल. फुटू दे. सुरुवातीला निम्म्या जोरात. वरनं खाली येताना पहिली हालचाल पुढच्या पायावर वजन जायची, खांदा नंतर. पाठ लक्ष्याकडं क्षणभर जास्त राहिली पाहिजे.

चाळीस हजार बॉक्सवर खर्च करा, आयुष्यभर पुरतील.


निपाणीकर

टर्नर अण्णांचा अभ्यास मोठा आहे, पण गणपतीनंतर मॅच आहे म्हणतायत माणूस, तोवर एवढं सगळं बदलायचं? ग्रिप बदलून मॅचला जाणं म्हणजे खेळाडूचा शर्यतीआधी नवीन बूट घालण्याचा प्रकार.

वळतो तर वळू दे की. निकलॉस आणि ट्रेव्हिनो, अमेरिकेचे जुने चॅम्पियन, दोघं बॉल डावीकडनं उजवीकडं आणून खेळायचे, आणि त्यांनी काय कमी जिंकलं? मॅचपुरता ड्रायव्हर कपाटात ठेवा, पाच नंबरचं वुड (ड्रायव्हरपेक्षा आखूड क्लब) घ्या. लॉफ्ट जास्त, वळण कमी, हे अण्णांनीच वर सांगितलंय. वीस-तीस यार्ड कमी जातील, पण फेअरवेवर असाल. आपल्या बेंगळुरूची अदिती अशोक लांब मारणाऱ्यांत कधी मोडत नाही, तरी टोकियो ऑलिम्पिकला चौथी आली. शेवटच्या दिवशी आम्ही सकाळी सकाळी टीव्हीपुढं बसलो होतो, एका फटक्यानं पदक गेलं. गोल्फ मॅचला जिंकायचं असतं ते पटिंगनं (होलजवळच्या हलक्या फटक्यांनी), हे कोण ऐकत नाही.

आणि कॅडीला रागवू नका. 2019 पासून बॉल शोधायला तीनच मिनिटं मिळतात, आधी पाच होती. पोरगं नियम पाळायलंय. तुम्ही पण झाडीकडं गेलेला वाटला की लगेच दुसरा बॉल, प्रोव्हिजनल (तात्पुरता) म्हणून सांगून मारायची सवय लावा. सांगायचं विसरलात तर तोच बॉल चालू धरतात.


टर्नर_उद्यमबाग

निपाणीकर, पाच नंबरच्या वुडचा सल्ला शंभर टक्के मान्य. पण फेड आणि स्लाइस एका पंगतीला बसवू नका. ते लोक ठरवून दहा-पंधरा यार्ड वळवायचे आणि कुठं थांबणार ते सांगू शकायचे. मालकांचा बॉल कुठं थांबणार ते फक्त कॅडीला माहीत.


शहापूरची_अक्का

दादा, वरच्या मंडळींनी सगळं सांगितलं, पण एका गोष्टीकडं कुणी बघितलंच नाही. तुमच्या शाफ्टवर 'एस' आहे. म्हणजे कडक. जोरात फिरवणाऱ्यासाठी असतो तो. जोर कमी असला तर कडक शाफ्ट पुरेसा वाकत नाही आणि फेस उघडा राहायची शक्यता वाढते. माझ्याकडं मिस्टरांचे जुने क्लब आले होते, तसेच कडक, आणि ग्रिप (धरायच्या जागेवरचं रबर) पण त्यांच्या पंजाच्या मापाची जाड. जाड ग्रिपनं बोटं पूर्ण वळत नाहीत, मनगट फिरत नाही. त्यांचा बॉल सरळ जायचा आणि माझा मात्र सारखा उजवीकडं. ते म्हणायचे बायकांना जोर नसतो. मी गप्प बसले आणि ग्रिप बदलली.

ग्रिप घरी बदलता येते. जुनी ग्रिप चाकूनं उभी कापून काढायची, शाफ्टकडनं बाहेर कापा, हाताकडं नको. जुना टेप खरवडून काढा. दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप गुंडाळा, टोकाला थोडा शाफ्टच्या आत दाबा. नवीन ग्रिपच्या बंद टोकाच्या भोकावर बोट धरून आत टर्पेंटाइन ओता, हलवा, तेच टेपवर ओता आणि एका दमात घाला. दम सोडला की मधेच अडकते, मग रडायचं. रात्रभर वाळू द्या. हे सगळं अंगणात करा, स्वयंपाकघरात वास राहतो. माझ्याकडं दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत केलं होतं, आठवड्याभर चकली टर्पेंटाइनची लागली असं सासूबाई सांगत होत्या.

दुसरं, बॉल फेसवर लागतो कुठं ते बघितलंत का? पांढऱ्या फळ्यावर लिहायचं मार्कर घ्या, बॉलच्या मागच्या बाजूला मोठा ठिपका काढा, तो ठिपका क्लबच्या फेसकडं करून टीवर (बॉल ठेवायच्या खुंटीवर) ठेवा आणि मारा. फेसवर शाई उमटेल. रुमालानं पुसून परत. शाफ्टच्या बाजूला, म्हणजे हीलवर लागत असेल तर नुसता तेवढ्यानं सुद्धा उजवीकडं वळतो. ड्रायव्हरचं वजन मागं असतं, हीलवर धक्का बसला की डोकं फिरतं आणि बॉलला उलटी फिरकी देतं. टोकाला लागला तर डावीकडं वळतो. म्हणून ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो, थोडा फुगीर असतो, हे भरून काढायला. पण किती भरून काढणार तो बिचारा.

नवीन ड्रायव्हर नको, हे माझंही मत. वहिनींना माझा नमस्कार सांगा.


चप्पलवाला_टिळकवाडी

सगळ्यांचे आभार. आता रिपोर्ट.

हातमोजा: गादीवर भोक आहे. मी समजत होतो मोजा हलका आहे.

मार्कर: अक्का, शाई सगळी हीलकडं. एकदा तर शाफ्ट आणि फेसच्या जोडावरच उमटली, तो बॉल कुठं गेला ते विचारू नका.

बॉक्स: दुकानातला पोरगा मला बघून हसायलाय. रोज संध्याकाळी बॉक्स घेऊन मालक मैदानावर आणि सकाळी फाटके बॉक्स परत. पहिले बॉक्स लई फुटले. आता फुटायचे कमी झालेत. लहान मुलांच्या बुटाचा बॉक्स वापरतो, तो छोटा असतो, जरा दया येते म्हणून.

ढपला डावीकडं होता. आता बऱ्यापैकी सरळ येतो.

पण अण्णा, नवीन भानगड. ग्रिप फिरवली, बॉक्स वाचवायला लागलो, आणि आता ड्रायव्हर वळतच नाही. सरळ जातो. पण सरळ उजवीकडं! निघतो तिकडंच आणि जातो तिकडंच. कधी एखादा मस्त सरळ मधनं जातो, मग परत तेच. जुना स्लाइस निदान फेअरवेवरनं सुरू तरी व्हायचा. आता कॅडी बॉल निघायच्या आधीच निघायलाय. आणि ह्या दिवसात समोरनं वारा असला की आणखी वाईट. परत पहिल्यासारखं करू का?


डावखुरा_वडगाव

माझं पण तेच झालं! सरळ डावीकडं. मी बॉक्सच्या जागी विटा ठेवल्या होत्या. ते करू नका.


टर्नर_उद्यमबाग

विटा कोण ठेवतं ओ. क्लबचं काय झालं ते लिहू नका, ऐकवणार नाही.

मालक, परत पहिल्यासारखं अजिबात करू नका. बॉल निघाला उजवीकडं आणि वळला नाही, ह्याचा अर्थ वाट आणि फेस दोघं उजवीकडं बघतायत आणि एकमेकांशी जुळलेत. आधी ते एकमेकांशी भांडत होते. आता भांडण मिटलंय, फक्त दोघांना थोडं डावीकडं आणायचंय. मस्त सरळ जाणारा एखादा बॉल जो लागतो तो चुकून नव्हे, तो ह्याच स्विंगचा आहे.

पहिलं बघा, बॉल फार मागं तर नेला नाहीत ना? मी टाचेच्या आत म्हटलं आणि बॉक्सच्या भीतीनं लोक पायांच्या मधोमध नेतात. क्लब आतनं बाहेर जाताना वाटेत लवकर बॉल भेटला की तो उजवीकडंच निघणार. परत टाचेशी आणा. टी इतकी उंच की क्लब मागं ठेवल्यावर निम्मा बॉल डोक्याच्या वर दिसेल.

दुसरं, हात फिरायला अजून उशीर होतोय. ह्याला ड्रायव्हर नको, सात नंबर घ्या. मागं कंबरेपर्यंत, पुढं कंबरेपर्यंत, एवढाच स्विंग. मागं गेल्यावर क्लबच्या डोक्याचं टोक आभाळाकडं, पुढं गेल्यावर पण टोक आभाळाकडं किंवा किंचित डावीकडं. पुढं गेल्यावर जर फेसच आभाळाकडं बघत असेल तर दार उघडं राहिलं. आणखी एक करा, दोन्ही हातांमध्ये चार बोटांचं अंतर ठेवून क्लब धरा आणि बॉल न ठेवता सावकाश फिरवा. मागचा हात पुढच्यावरनं कसा ओलांडतो ते आपोआप कळतं. कव्हर ड्राइव्हवाल्या मनगटाला हे पटायला वेळ लागतो, मेहुण्यांपुढं करू नका.

हीलचं म्हणाल तर दोन कारणं असतात. बाहेरनं आत येणारी वाट, ती सुधारायलीय. आणि खाली येताना वजन चवड्यांवर जाणं, त्यानं अंग बॉलच्या जवळ सरकतं. उभं राहिल्यावर चवडे जरा उचलता येतायत का बघा. येत नसतील तर तुम्ही आधीच पुढं झुकलाय. अक्कांचं मार्कर चालू ठेवा, शाई मधोमध यायला लागली की अर्धं काम झालं.

वाऱ्याचं बरोबर आहे. समोरचा वारा वळण वाढवतो, मागचा झाकतो, त्यामुळं पाठीवर वारा असताना सुधारलो असं मानू नका. उंचीचा पण थोडा हात असतो. आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहोत, हवा जरा विरळ, बॉल थोडा लांब जातो आणि थोडा कमी वळतो. कधी घाट उतरून गोव्यात खेळायला गेलात तर हाच स्विंग तिथं जास्त वळलेला दिसेल, घाबरून ग्रिप बदलू नका.

शाफ्टबद्दल अक्कांशी सहमत, पण घाई नको. आधी ड्रायव्हरच्या मानेला स्क्रू आहे का ते बघा. असेल तर बहुतेक बनावटीत लॉफ्ट एक डिग्री वाढवला की फेस किंचित बंद होतो. हे फुकट आहे. त्याची चावी सेकंडहँडवाल्यानं दिली नसेल तर माझ्याकडं आणा, टॉर्क बघूनच आवळायला लागतो तो.

मॅचला निपाणीकरांचं ऐका, पाच नंबरचं वुड आणि पटर. ड्रायव्हर बॅगेतनं काढून घरीच ठेवा. बॅगेत असला की पंधराव्या होलवर हात जातोच.